बिनसिमेंटचे राखेचे हलके ब्लॉक: या चुका टाळा

फ्लाय ॲशचा, म्हणजे वीजकेंद्रात कोळसा जाळून उरलेल्या बारीक राखेचा जिओपॉलिमर (सिमेंटऐवजी अल्कलीने घट्ट होणारा) ब्लॉक फसला की सगळे राखेच्या नावाने खडे फोडतात. बहुतेक वेळा नडते ती सिमेंटवर काम करून लागलेली सवय.

सगळ्यांत चिवट सवय पाण्याची. माल घट्ट वाटला की तांब्याभर ओता, साचा उघडला की ब्लॉकवर मारा. अहो, सिमेंट पाण्याशी संयोग पावून कडक होतं. इथे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट राखेतली सिलिका-ॲल्युमिना विरघळवून नवी जाळी बांधतात. पाणी लागतं ते द्रावणाला आणि माल कालवायला. पुढे बरंचसं बाहेरच पडतं. एकाने साच्यातून नुकतेच काढलेले ब्लॉक शिस्तीत हौदात बुडवले होते. मी पोचलो तेव्हा पाणी साबणासारखं बुळबुळीत झालेलं, म्हणजे अल्कली त्यात उतरलेली. ब्लॉकचा कोपरा नखाने खरवडला जात होता. वर त्याचं म्हणणं, "अजून आठवडाभर ठेवतो, भरेल ताकद." कसली भरतेय! कमी चुन्याच्या राखेचे ब्लॉक मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून 60 ते 80 अंशांच्या उबेत 24 तास ठेवतो.

दुसरी चूक घाईची. कॉस्टिक विरघळताना द्रावण चांगलंच तापतं. ते आदल्या दिवशीच करून ठेवा. गरम ओतलं तर माल हातात आवळतो. कॉस्टिकच्या द्रावणाची तीव्रता मोलरमध्ये सांगतात; 10 मोलर म्हणजे लिटरभर पाण्यात 400 ग्रॅम नव्हे. 400 ग्रॅम विरघळवून एकूण द्रावण लिटरभर करायचं. कॉस्टिक पाण्यात टाका, पाणी कॉस्टिकवर कधीच नको. हातमोजे-चष्म्याला कंटाळणाऱ्याने या धंद्यात पडूच नये.

ॲल्युमिनियमचं भांडं किंवा साचा नको: अल्कली त्याला खाते, हायड्रोजन सुटतो.

ब्लॉक हलका व्हावा म्हणून मालात फेस मिसळतात. तो बसतो त्याला बऱ्याचदा राखेतला न जळलेला कोळसा कारण असतो. हा कोळसा फेसक, म्हणजे फेस करणारं द्रव्य, शोषून घेतो. मी नवी राख आली की बाटलीत राख, पाणी आणि थोडं फेसक घालून हलवतो. फेस लगेच मेला तर ती राख हलक्या ब्लॉकला वापरत नाही. फेस शेवटी आणि मिक्सर सावकाश फिरवून मिसळा. भरभर फिरवलात तर बुडबुडे फुटून वजन वाढतं.

ब्लॉकवर पांढरी बुरशी दिसते ती बुरशी नसते, जास्तीचा सोडा असतो. रंग मारून लपवू नका, पुढच्या घाण्यात कॉस्टिक कमी करा.