बजीचं पिल्लू पिसं गाळायला लागलं तर काय करायचं

पिंजऱ्याच्या तळाला मूठभर पिसं दिसली की घरात सगळ्यांचा जीव वरखाली होतो, पण बजीचं (बजरीगर, छोटा रंगीत पोपट) पिल्लू तीन-चार महिन्यांचं असंल तर बहुतेक वेळा ती पहिली पीसगळ असते. लहानपणी कपाळावर पार चोचीपर्यंत काळ्या पट्ट्या असतात बघा, त्या याच गळतीत जातात आणि कपाळ मोकळं निघतं. हे सगळं बजीबद्दल बरं का, दुकानात ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात तो. आपला कंठवाला हिरवा पोपट घरात ठेवायलाच १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं त्याचा विषयच नको.

डोक्यावर मानेवर पांढरट टोकदार काटे उगवल्यासारखे दिसतात ती नवीन पिसं, अजून कव्हरमध्ये असलेली. कव्हर सुकलं की पक्षी चोचीनं फोडतो, त्याचाच कोंडा खाली पडतो. डोक्यापर्यंत चोच पोचत नाही म्हणून दांडीवर डोकं घासत बसतो, जोडीदार असंल तर तो खाजवून देतो. एकटा असंल आणि हातावर येत असंल तर टोकाचं सुकलेलं पांढरं कव्हर दोन बोटांत हलकं चोळा, भुगा होतो, पण मुळाशी काळसर-निळसर दिसतंय तिथं अजिबात हात लावायचा नाही, आत रक्त असतं, दुखतं त्याला, मग चावणारच की.

आता खाणं, सगळ्यात महत्त्वाचं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, आणि नुसत्या बाजरी-राळ्यावर ते भागत नाही. उकडलेलं अंडं किसून चमचाभर, एक दिवसाआड, आणि दोन तासांनी उरलेलं काढून टाकायचं नाहीतर वास मारतं. मोड आलेले मूग-मटकी आपल्या घरात मिसळीसाठी असतातच, त्यातलेच मसाला पडायच्या आधी थोडे बाजूला काढा. कोथिंबीर, मेथी धुऊन द्या, समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवून ठेवा. मिरची पण चालते, पक्ष्याला तिखट लागतच नाही, आपली लवंगी मिरची निवांत खाईल, कोल्हापूरचा पक्षी शोभतो! पण तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा थेंब पण नको, मीठ आणि तेल त्याला झेपत नाही. अवोकॅडो तर विषच.

पावसाळ्यात आपल्याकडं हवा इतकी ओली असते की लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं आणलेला राळा पण आठवड्यात कुबट व्हायला लागतो, त्यामुळं थोडा थोडा आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वास आला तर सरळ फेका. आंघोळीला उथळ ताटलीत साधं पाणी किंवा ओल्या कोथिंबिरीची जुडी अडकवा, त्यात अंग घासतो आणि कव्हरं मऊ पडतात. हे सकाळीच करायचं, संध्याकाळपर्यंत कोरडा झाला पाहिजे. थेट पंख्याखाली पिंजरा नको, आणि नॉनस्टिक तवा तापवायचा त्या खोलीत तर कधीच नको, त्याचा धूर मिनिटांत जीव घेतो.

झोप दहा-बारा तास. रात्री हॉलमध्ये टीव्ही चालू असतोय तर पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवा. या दिवसांत तो चिडचिडा होतो, गप्प बसतो, दोन-तीन आठवडे ट्रेनिंग-बिनिंग बाजूला ठेवा, पोराबाळांना पण सांगा.

रक्ताचं पीस, म्हणजे मुळाशी काळसर-निळसर दिसणारं नवीन पीस, तुटलं तर त्या जागेवर कॉर्नफ्लोर दाबून धरा, छाती दाबू नका, श्वास अडकतो. चार-पाच मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर, पक्षी जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमचा असतो, रक्त किती असणार त्यात.

आणि साध्या पीसगळीत टक्कल पडत नाही. चामडी दिसायला लागली, पंख-शेपटीची मोठी पिसं एकदम गेली आणि उडताच येईना, किंवा पिसं फुगवून तळाला बसलाय, खात नाही, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होतेय, तर त्याच दिवशी न्या. आधी फोन करून पक्षी बघतात का विचारा, सगळीकडं बघत नाहीत, आणि तळाचा कागद न बदलता तसाच सोबत न्या, शीट (विष्ठा) बघायला मागतात.