रीमास्टर केलेला जुना हिप-हॉप अल्बम पारखावा कसा

‘पीपल्स इन्स्टिंक्टिव्ह ट्रॅव्हल्स अँड द पाथ्स ऑफ रिदम’ हा ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या न्यूयॉर्कच्या गटाचा पहिला अल्बम एप्रिल १९९० मध्ये जाइव्ह रेकॉर्ड्सने काढला आणि पंचवीस वर्षे झाल्यावर, नोव्हेंबर २०१५ मध्ये, त्याची रीमास्टर केलेली आवृत्ती बाजारात आली. जळगाव, धुळे, नंदुरबार भागातील अनेक तरुण आज मराठी रॅपच्या वाटेने अशा जुन्या अल्बमांपर्यंत पोहोचतात आणि बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा पडते ती नवी आवृत्तीच. ती मुळापेक्षा खरोखर सरस आहे की नुसती मोठ्याने वाजते, हे घरच्या घरी तपासता येते. पुढे उदाहरण याच अल्बमचे घेतले आहे. पण ही रीत त्या काळातील कोणत्याही हिप-हॉप अल्बमला लागू पडते.

प्रथम आपल्या हातात नेमके काय आहे ते समजून घ्यावे. रीमिक्समध्ये ढोल, बेस आणि आवाज यांचे वेगवेगळे ट्रॅक पुन्हा सुटे करून नव्याने जुळवले जातात. रीमास्टरमध्ये मात्र आधीच एकत्र केलेल्या अंतिम ध्वनिमुद्रणावरच काम होते. सोनार जुन्या दागिन्याला उजाळा देतो तेव्हा तो मोडून नवा घडवत नाही, तसाच हा प्रकार आहे. २०१५ च्या आवृत्तीसाठी मूळ टेपवरून रीमास्टरिंग बॉब पॉवर यांनी केले, आणि मूळ अल्बमच्या वेळी कॅलिओपी स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या अभियंत्यांतही ते होते. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण मूळ ध्वनी कसा होता हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस कुठे हात लावायचा नाही हेही जाणतो. म्हणून कोणतीही नवी आवृत्ती घेण्यापूर्वी तिच्यासोबतच्या माहितीत दोन गोष्टी शोधाव्यात: रीमास्टरिंग कोणी केले आणि ते मूळ टेपवरून केले की नाही. या दोन्हींबद्दल मौन असेल, तर वेष्टनावरील ‘रीमास्टर्ड’ या शिक्क्याला फारशी किंमत देऊ नये.

तुलनेसाठी मूळ सीडी हवी. ती जळगाव-धुळ्याच्या दुकानात मिळेल अशी आशा धरण्यापेक्षा डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर पाहावे. तेथे एकाच अल्बमच्या निरनिराळ्या देशांतील आणि वर्षांतील आवृत्त्या बारकोडसह नोंदवलेल्या असतात. विक्रेत्याकडून सीडीच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागवून ते त्या नोंदींशी जुळवावे. स्ट्रीमिंगवर विसंबायचे असेल, तर एक धोका लक्षात ठेवावा: तेथे जुन्या वर्षाखाली दिसणारा अल्बम प्रत्यक्षात नव्या, रीमास्टर केलेल्या ध्वनिमुद्रणाचा असू शकतो.

आता खऱ्या कामाकडे वळू. आपला कान आवाजाच्या मोठेपणाला फार लवकर फसतो. आवाज लहान असताना खालचे सूर आपल्याला कमी ऐकू येतात आणि तो वाढवला की बेस भरदार वाटू लागतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. १९९० च्या सुमाराच्या सीडी आजच्या मानाने हळू वाजतात. त्यामुळे दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ एक लावल्या की नवी आवृत्ती पहिल्याच मिनिटात जिंकते आणि त्या जिंकण्याला काही अर्थ नसतो. त्यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्यावे, दोन्ही आवृत्त्यांतील एकच गाणे दोन ट्रॅकवर उघडावे आणि इफेक्टच्या यादीतील ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ वापरून दोन्ही उणे २० एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे हे एकक) आणावीत. फाइल शक्यतो फ्लॅक, म्हणजे ध्वनीतील काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात असावी. मग एकेका ट्रॅकला ‘सोलो’ करत तोच तुकडा आलटून पालटून ऐकावा. शक्य असल्यास बटण दाबायला घरातील दुसऱ्या कोणाला बसवावे आणि आपण पडद्याकडे पाहूच नये, कारण कोणती आवृत्ती वाजते आहे हे कळले की मत आधीच ठरते. मोबाइलवरच ऐकायचे असेल, तर ॲपमधील आवाज समान ठेवणारी सोय सुरू करावी. स्पॉटिफायमध्ये तिला ‘ऑडिओ नॉर्मलायझेशन’ म्हणतात, ॲपलमध्ये ‘साउंड चेक’.

ऑडॅसिटीत ध्वनीची आकृतीही दिसते, तिच्याकडेही एकदा पाहावे. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याचे टोक वर उठलेले दिसले तर ठीक. सगळी टोके एकाच रेषेत छाटल्यासारखी सपाट दिसली, तर लिमिटरने, म्हणजे ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणाऱ्या साधनाने, ठोक्यांचा जोर काढून घेतला आहे असे समजावे. हिप-हॉपमध्ये ठोक्याचा जोर गेला तर फारसे काही उरत नाही.

काय ऐकावे, यासाठी या अल्बममध्ये एक उत्तम जागा आहे. ‘कॅन आय किक इट?’ या गाण्याचा बेस लू रीड यांच्या १९७२ च्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ या गाण्यातून उचलला आहे. तो हर्बी फ्लॉवर्स यांनी वाजवला होता आणि त्यात एक नव्हे, दोन वाद्ये आहेत: खाली लाकडी डबल बेस आणि त्यावर इलेक्ट्रिक बेस. समान आवाजात ऐकताना ही दोन वाद्ये वेगळी ओळखू येतात का, हे तपासावे. नव्या आवृत्तीत ती अधिक स्पष्ट होत असतील तर मास्टरिंग चांगले. दोन्ही मिळून नुसता घुमारा होत असेल, तर बेस वाढवला आहे, सुधारलेला नाही. लग्नसराईत डीजेच्या भिंतीसमोर नाचून खानदेशी कानाला हा घुमाराच बेस वाटू लागला आहे, त्यामुळे येथे विशेष सावध राहावे.

वरच्या सुरांबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. त्या काळी लोकप्रिय असलेले ई-म्यू एसपी-१२०० हे सॅम्पलर, म्हणजे जुन्या गाण्यांचे तुकडे टिपून पुन्हा वाजवणारे यंत्र, १२ बिट आणि सुमारे २६ किलोहर्ट्झवर ध्वनी टिपत असे. या दराच्या निम्म्यापर्यंतचेच सूर टिपता येतात, म्हणजे मूळ तबकडीवरील १३ किलोहर्ट्झच्या वरचे काही त्यात शिरतच नसे. जे टिपलेच गेले नाही ते रीमास्टरिंगने परत येत नाही. तरीही कोणी वरची बाजू वाढवली, तर वाढते ती टेपची सळसळ आणि रॅपरच्या तोंडचा बोचरा ‘स’. त्याचप्रमाणे जुन्या तबकड्यांवरून उचललेल्या तुकड्यांसोबत आलेली बारीक करकर हा दोष मानू नये. ती १९९० मध्येही होती, आणि ती पुसण्याच्या नादात झांजांची धार बोथट झाली असेल, तर माझ्या मते ती आवृत्ती बाद.

साधने साधी चालतील, पण हेडफोन तारेचा असावा. तो बेस फुगवतो का, हे पाहण्यासाठी आकाशवाणी जळगावच्या निवेदकासारखा ओळखीचा पुरुषी आवाज त्यावर ऐकावा. तो पिंपातून आल्यासारखा वाटला, तर तो हेडफोन या कामाला उपयोगाचा नाही. उन्हाळ्यात कूलर सुरू असताना ही तुलना करूच नये, त्याची घरघर नेमके खालचे सूर गिळते. पहाटेची वेळ सर्वांत बरी.

नव्या आवृत्तीत फॅरेल विल्यम्स, जे. कोल आणि सीलो ग्रीन यांची रीमिक्स जोडलेली आहेत. त्यांच्यासाठी पैसे मोजू नयेत. मूळ अल्बम १४ गाण्यांचा आहे आणि पारख त्यांचीच करायची आहे.

सीडीऐवजी विनाइलची तबकडी मागवायची ठरली, तर ती दिवाळी ते माघ या काळात मागवावी. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि कुरिअरच्या बंद गाडीत तो याहून किती तरी वर असतो. अशा उष्णतेत विनाइल वाकते आणि वाकलेली तबकडी पूर्ववत होणे कठीण. घरी ती पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. जुन्या धाब्याच्या घरातील आतली खोली तिच्यासाठी उत्तम, फक्त वरून माती गळत असेल तर कपाट बंद हवे. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, एकमेकींवर रचू नयेत, आणि प्रत्येक वेळी वाजवण्यापूर्वी कार्बन फायबरच्या ब्रशने धूळ काढावी. पार्सल हाती आल्यावर तबकडी सपाट काचेवर ठेवून कडेने पाहावी आणि वाक दिसला, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी विक्रेत्याला छायाचित्रासह कळवावे.