शेतावर रेडिमेड घर मागवताय? आधी रस्ता बघा
कंटेनरचं घर टाकायचं म्हणताय तर टाईल्स, रंग वगैरे नंतर, आधी ट्रेलर आत येतो का ते बघा. ४० फुटी घर म्हणजे ४० बाय ८, गाडीवर चढवलं की उंची १३ फुटांच्या आसपास किंवा वरच जाते, मग पाणंदीचं वळण, आंब्याची फांदी, लोंबकळणाऱ्या वायरी सगळंच आडवं येतं. वायरी बांबूने उचलायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, महावितरणला सांगून लाईन बंद करून घ्या. क्रेनला उभं राहायला कडक जमीन लागते, काळ्या मातीत पावसाळ्यात नादच करायचा नाही.

पेडेस्टल, म्हणजे घर ज्यावर टेकतं ते काँक्रीटचे ठोकळे, आधीच भरून, पाणी मारून पक्के होऊ द्या आणि सगळे ट्यूब लेव्हलने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) एका पातळीत आहेत ना ते स्वतः उभं राहून चेक करा, कारण एक कोपरा जरी खाली राहिला तरी दरवाजे आणि स्लायडिंग खिडक्या अडकायला लागतात. सेप्टिक टँक, पाण्याची लाईन, केबल हे पण आधीच. बॉडी लोखंडी असते, त्यामुळे अर्थिंग केल्याशिवाय लाईट चालू करू नका, आणि राहायला जायच्या आधी छतावर अर्धा तास पाईपने पाणी सोडून जॉइंट गळतात का बघा, कामवाले अजून तिथे असतानाच.