चार्ज म्हणजे नक्की कुठला चार्ज? आधी क्रियापद बघा

एसीवाला म्हणतो गॅस चार्ज करावा लागेल, महावितरणच्या बिलात फिक्स्ड चार्ज, तहसील कचेरीत नवीन साहेबांनी अजून चार्ज घेतलेला नाही म्हणून आपला कागद पडून, आणि निफाडहून मामाचा फोन की सातबाऱ्यावर गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचा चार्ज दिसतोय, काय करू. शब्द एकच. डिक्शनरी उघडली तर अर्थांची ही भलीमोठी यादी, ती पाठ करायच्या भानगडीत पडूच नका. मराठीत बोलताना आपण ह्या शब्दाला जे क्रियापद लावतो ना, निम्मं काम तिथेच होतं.

मूळ तेवढं माहीत असू द्या. लॅटिनमध्ये कारस म्हणजे गाडी, त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला हा शब्द, मूळ अर्थ ओझं लादणे, कार्गो पण त्याच खानदानातला. लासलगावला कांद्याची ट्रॉली भरतात तसं कुणावर तरी काहीतरी लादलेलं असतं, कधी पद, कधी पैसे, कधी आरोप, कधी कर्ज. आपल्या सरकारी मराठीत पण बघा, कार्यभार, प्रभारी, आणि शाळेच्या विज्ञानात विद्युतप्रभार, सगळीकडे भारच.

आता, चार्ज घेतला, दिला, सोडला असं ऐकलं की ऑफिसातलं पद. अ‍ॅडिशनल चार्ज म्हणजे एकच साहेब दोन खुर्च्या सांभाळतोय. अशा वेळी अर्ज साहेबांच्या नावाने नाही तर पदाच्या नावाने करा, म्हणजे माणूस बदलला तरी अर्ज जागेवर राहतो.

चार्ज झाला, केला म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी नाहीतर गॅस (लाठीचार्ज पण होतोच, पण तिथे लाठी पुढेच असते, घोळ होत नाही). एसीचं एक सांगतो, त्यातला गॅस वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. त्यामुळे नुसतं चार्ज करून देतो म्हणणाऱ्याला आधी लीक शोधायला लावा.

चार्ज लागला, पडला म्हणजे पैसे. वीजबिल मराठीतून वाचलं तर चार्जला तिथे आकार म्हणतात, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. स्थिर आकार फ्लॅट बंद असला तरी येतोच, उगाच तक्रार करत बसू नका. वीज आकार युनिटवर, आणि वहन आकार वीज तुमच्यापर्यंत आणून पोचवल्याचा, तोही युनिटवरच. वीज शुल्क मात्र ह्यातलं नाही, तो राज्य सरकारचा कर, घरगुती बिलावर १६ टक्के. आणि मंजूर भार लिहिलेलं असतं तो चार्ज नाही बरं का, तो लोड आहे, किलोवॅटमध्ये. हॉटेलातला सर्व्हिस चार्ज पण कर नाही, बिलात आपोआप टाकायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय, काढायला सांगा, लाजायचं काय त्यात.

चार्ज लावला आलं की मात्र थांबायचं, कारण पैसे पण लावतात आणि आरोप पण. इथे कागद कुणाचा आहे ते बघा. पोलिसांनी कोर्टात दिलेली चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र, तपास संपला एवढाच त्याचा अर्थ. चार्ज फ्रेम होतो तो नंतर, कोर्टाकडून, त्याला आरोप निश्चिती म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक चार्जशीट आली की माणूस दोषी ठरवून मोकळे होतात, तिथे खटला सुरू पण झालेला नसतो. आणि नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपनीत कामगाराला मिळते ती चार्जशीट कंपनीची खात्यांतर्गत चौकशी, पोलिसांचा संबंध नाही, हे घरच्यांना आधी सांगा आणि मग उत्तर मुदतीत, लेखी द्या, पोच घ्या.

मामाचा प्रश्न राहिला. सातबाऱ्यावर चार्ज चढतो आणि उतरतो, तिथे चार्ज म्हणजे बोजा. सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज घेतलं की इतर हक्काच्या रकान्यात त्यांचं नाव आणि रक्कम येते. जमीन मालकाचीच राहते, फक्त त्या कर्जाची वसुली त्या जमिनीतून होऊ शकते. गहाण ही वेगळी गोष्ट, त्यात मालमत्तेतला काही हक्क कर्ज देणाऱ्याकडे जातो, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दोन्हींची कलमं पण वेगळी आहेत, ५८ आणि १००. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरला असं समजू नका. सोसायटीकडून निल दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा कागद घ्या, तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफार म्हणजे बदलाची नोंद पडू द्या, मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर केला की नवीन सातबारा काढून इतर हक्क स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. जमीन विकत घेणाऱ्याने तर विसार द्यायच्या आधीच वाचा.

बाकी धंद्याधंद्यातले अर्थ पटकन. फाउंड्रीत चार्ज म्हणजे भट्टीत वितळवायला टाकलेला माल. देवळालीत तोफखान्याच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल गोळा फेकणारी दारू, ती कमीजास्त केली की पल्ला कमीजास्त. विहीर फोडणाऱ्याचा चार्ज सुरुंगातला.

आणि पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर धरणातून डिस्चार्ज वाढवला अशी बातमी आली तर तो विसर्ग, क्यूसेकमध्ये, एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. आकडा हजारात गेला की गोदाकाठी रामकुंडाजवळ लावलेली गाडी आधी काढा.