पत्र्याच्या घरात वादळासाठी एक पक्की खोली

अमेरिकेच्या मध्य भागात टोर्नेडोपासून बचावासाठी अंगणात जमिनीखाली निवारा बांधण्याची जुनी पद्धत आहे. मराठवाड्यात तशी वादळे क्वचितच होतात. आपल्याकडे माणसे दगावतात ती मार्च ते जून या काळातील अवकाळी पावसात आणि वळवात: ढगातून एकदम खाली कोसळणारा वारा, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली तशी गारपीट, विजा आणि या सगळ्यांबरोबर उडणारे पत्रे. त्यामुळे निवारा आपल्यालाही हवा, मात्र तो जमिनीखाली नको. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; त्या हालचालीने तळघराच्या भिंती तडकतात, आत पाणी झिरपते आणि साप-विंचवांची सोय होते. घरातीलच एक लहान खोली अशी बांधावी की, बाकीचे छप्पर उडाले तरी ती जागची हलणार नाही.

पत्र्यावर दगड ठेवण्याची सवय आधी सोडावी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो वजनाइतका भरतो आणि छपरावर तो बहुतांशी वर उचलणाऱ्या ओढीच्या रूपात येतो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर ही ओढ साडेआठशे किलोंच्या आसपास जाते. पत्र्यांचे स्वतःचे वजन मात्र पन्नास किलोही नसते. वर ठेवलेले पाच-दहा दगड ही तूट भरून काढत नाहीत, उलट पत्रा उचलला की तेच खाली झोपलेल्यांच्या अंगावर येतात. पत्रे जे-हुकने (इंग्रजी ‘जे’च्या आकाराच्या बोल्टने) खालच्या लोखंडी अँगलला आणि अँगल भिंतीतील काँक्रीटला बोल्टने जखडलेले असावेत.

आता खोलीविषयी. माणशी पाच चौरस फूट जागा धरली तर सहा जणांना तीस चौरस फूट लागतात. आठ बाय सहा फुटांच्या खोलीत म्हातारी माणसे आणि लेकरे नीट बसू शकतात. खोली मोठी करण्याचा मोह टाळावा, कारण लांबी वाढली की स्लॅब आणि भिंत दोन्ही महाग होतात. न्हाणीघर किंवा देवघर म्हणून रोज वापरात राहील अशी जागा निवडावी. नुसती ‘वादळाची खोली’ म्हणून बांधलेली जागा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, दोन हंगामांत कापूस, खताची पोती आणि फवारणीच्या औषधांनी भरते आणि ऐन वेळी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

पाया काळ्या मातीत सोडू नये. मुरूम लागेपर्यंत खोदावे. जोत्यात भराव घालताना खोदलेली काळी मातीच परत टाकण्याचा आग्रह गवंडी पैसे वाचवण्यासाठी करतो, तो मानू नये. भराव मुरमाचाच करावा आणि थर देऊन धुम्मसाने ठोकून बसवावा. जोते जमिनीपासून दोन फूट उंच ठेवावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. त्या भिंती जाडीला कमी नव्हत्या. त्यांचे दगड एकमेकांशी आणि छपराशी बांधलेले नव्हते. वादळासाठीही हाच हिशेब लागू होतो. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर असल्याने आपल्याकडचा वारा तो उचलू शकत नाही. पण अमेरिकेत असे निवारे ताशी ४०० किलोमीटरचा वारा गृहीत धरून बांधतात आणि त्या वेगाला ओढ चौरस मीटरला साडेसातशे किलोंच्या पुढे जाते. म्हणजे केवळ वजनावर विसंबून चालत नाही, सळई अखंड हवी. भिंती सहा इंची काँक्रीटच्या असाव्यात, त्यांत उभी-आडवी सळई असावी, उभ्या सळया पायातून निघून भिंतीतून वर याव्यात आणि स्लॅबमध्ये आडव्या वळवून तिथल्या जाळीला बांधाव्यात. सळईची जाडी आणि अंतर स्थापत्य अभियंत्याकडून लिहून घ्यावे. ‘आम्ही नेहमी असेच टाकतो’ हे उत्तर इथे पुरेसे नाही. काँक्रीट ओतण्याआधी चारही कोपऱ्यांत सळया खरोखर वळवून बांधल्या आहेत का, हे घरमालकाने स्वतः सेंट्रिंगवर (काँक्रीट ओतण्यासाठी उभारलेल्या साच्यावर) चढून पाहावे, कारण नंतर ते कधीच दिसत नाही.

या भागात बांधकाम उन्हाळ्यात निघते आणि नेमके तेव्हाच पाण्याची टंचाई असते. तरीही स्लॅबवर आळी करून किमान दहा दिवस पाणी उभे ठेवावे आणि भिंतींवर ओले गोणपाट लावावे. पाणी कमी असेल तर काम पुढे ढकलावे. कोरडे पडलेले काँक्रीट तडकते आणि त्यात घातलेल्या सळईचा उपयोग उरत नाही.

खोलीला खिडकी ठेवू नये. हवेसाठी समोरासमोरच्या भिंतींत जाळी लावलेले लहान झरोके पुरेसे आहेत. दार लोखंडी पत्र्याचे असावे, चौकटीचे पाय काँक्रीटमध्ये गाडलेले असावेत, बिजागऱ्या तीन आणि कड्याही वर, मध्ये, खाली अशा तीन असाव्यात. दार आत उघडणारे ठेवावे. बाहेर पत्रे-वासे पडून साचले तरी आतली माणसे कोंडली जात नाहीत.

विजेपासून ही खोली आपोआप सुरक्षित होत नाही. भिंतीत सळई असल्याने वादळात भिंतीला टेकून बसू नये, नळाला हात लावू नये, मोबाईल चार्जिंगला लावू नये. तडितरक्षक बसवायचा असल्यास तो जाणकाराकडूनच, अर्थिंगसह बसवून घ्यावा. गॅसची टाकी आणि कीटकनाशके या खोलीत कधीही ठेवू नयेत. बॅटरी, पिण्याचे पाणी, रोजची औषधे, शिट्टी आणि दार अडकलेच तर उपयोगी पडणारी पहार आत असू द्यावी.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजांची सूचना देते. ते नसले तरी वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील, तर जनावरे सोडवण्याच्या किंवा ताडपत्री झाकण्याच्या भानगडीत न पडता सर्वांनी खोलीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय बाहेर पडू नये.