आधी तळाला पट्टी लावा

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. कलाभवनातून (म. स. विद्यापीठाच्या इंजिनियरिंग कॉलेजातून) मेकॅनिकल केलं, चार वर्षं पंपांच्या कारखान्यात काढली आणि मग स्पीडबोटींच्या डिझाइनकडे वळले. ‘अगं, इथे समुद्र कुठाय?’ हे आईचं पालुपद अजून चालू आहे. आता नवीन मुलं या कामाबद्दल विचारायला येतात तेव्हा मी आधी माझी फजितीच सांगते.

मूळ गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच. 16 फूट वॉटरलाइनची (पाण्याला टेकणाऱ्या लांबीची) बोट पाणी कापत जाते तोवर तिची धाव साडेपाच नॉटच्या, म्हणजे ताशी साडेपाच सागरी मैलांच्या, आतबाहेर (फुटांतल्या लांबीच्या वर्गमुळाला 1.34 नं गुणा), पुढे जायचं तर पाण्यावर चढून घसरावंच लागतं. तळाचा व्ही जितका खोल तितकी बोट लाटेत कमी आपटते, पण उचल घटते. बोट-डिझायनर रे हंट यांच्या डीप-व्ही (खोल व्ही) तळाच्या बोटीनं 1960 साली मायामी-नासाउ शर्यत मारली आणि तेव्हापासून जो तो 24 अंश डेडराइज (तळाच्या व्हीचा उतार) मागतो. शांत नदीच्या पाण्यासाठी हा हट्ट म्हणजे पेट्रोल जाळणं आहे, असं माझं मत. मी 15 अंश घेतले होते, आणि त्याचा मला अजूनही पश्चात्ताप नाही.

फसले ते वेगळीकडेच. 18 फुटी फायबरची बोट, मागे आउटबोर्ड इंजिन. गणित पाण्यावर घसरणाऱ्या बोटींसाठीच्या, सावित्स्कीच्या 1964 च्या पद्धतीनं केलं होतं. वजन, वेग, गुरुत्वमध्य घातला की ट्रिमचा कोन (बोट नाक किती वर करून धावेल तो) मिळतो आणि बोट नाक खालवर आपटायला लागेल का, तेही कळतं. माझं उत्तर होतं: नाही लागणार. चांदोदला नर्मदेत उतरवली, 20 नॉटच्या पुढे गेली आणि घोड्यासारखी उधळायला लागली. नाक वर, धप्प, वर, धप्प. नाक दाबायला इंजिन पूर्ण आत ट्रिम केलं, म्हणजे बोटीकडे झुकवलं, तरी तेच.

मग मी जे केलं ते कृपा करून करू नका. वाळूची पोती पुढे टाकली, 80 किलो. उड्या थांबल्या! मी खूश. पण परतताना जरा जोरात वळवली, तर पुढचा खोल व्ही पाण्यात रुतला, हलकी झालेली मागची बाजू गर्रकन बाहेर फेकली गेली आणि बोट जवळजवळ उलट्या तोंडाला आली. किल-स्विचची (इंजिन बंद पाडणाऱ्या बटणाची) दोरी माझ्या मनगटाला होती, बरोबरच्या मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. या दोन गोष्टींशिवाय चाचणीला जाणार असाल तर हे क्षेत्र सोडा. सरळच सांगते.

तीन आठवडे आकडे पुन्हा पुन्हा तपासले. एका सल्लागारानं ‘अनुभवानं कळेल’ एवढंच सांगून फी घेतली. असं बोलणाऱ्या गुरूंपासून लांब राहा. ज्याला कळलेलं असतं तो नेमकं चुकीवर बोट ठेवून दाखवतो. दाखवलं ते मकरपुऱ्यातल्या शेडमधल्या लॅमिनेशनवाल्या (फायबरचे थर चढवणाऱ्या) काकांनी. म्हणाले, “बेन, पहेलां तळियुं जोई लो.” बोट उचलून घेतली आणि दोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या भिंतीपासून) पुढे, कण्याला समांतर, तळाला टेकवली. पट्टी मध्ये टेकली आणि ट्रान्समपाशी फट राहिली. काकांनी खिशातली हॅकसॉ ब्लेडं एकावर एक लावून आत सरकवली. जवळपास 5 मिलिमीटर.

एवढ्यानं काय होतं, असं मलाही वाटलं होतं. पण सरळ तळ पाण्याला ढकलतो. तोच मागे वर वळलेला असेल तर पाणी त्या फुगवट्यावरून वेगानं सरकतं, दाब कमी होतो आणि मागची बाजू खाली ओढली जाते. ओढली गेली की नाक वर, ट्रिम मर्यादेबाहेर, आणि उड्या सुरू. याउलट पट्टी दोन्ही टोकांना टेकून मध्ये फट राहिली, तर मागची बाजू उचलली जाते, नाक दाबलं जातं आणि बोट वळणात दगा देते. सावित्स्कीचं गणित चुकलं नव्हतं. ते सरळ तळाचं गणित होतं, माझा तळच सरळ नव्हता.

वाकला कसा? तारीख गाठायच्या घाईत मीच बोट मोल्डमधून लवकर काढायला लावली होती. रेझिन पुरतं पिकलेलं नाही, आत स्ट्रिंगर (तळ ताठ ठेवणाऱ्या लांब फासळ्या) नाहीत, आणि दहा दिवस ती दोन घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उभी: एक नाकाखाली, एक थेट ट्रान्समखाली. मे महिना. मधला भाग ओघळला. ट्रिम टॅब (मागे बसवायच्या खालीवर होणाऱ्या फळ्या) लावून हे झाकता येतं, पुष्कळ जण झाकतात. मला तो शॉर्टकट आवडत नाही; टॅब वर घेतले की खोड पुन्हा जागेवर.

आम्ही मागचा दीड मीटर घासला, भरला, पुन्हा घासला. चाइनची, म्हणजे तळ आणि बाजू जुळतात तिथली, कडही धारदार केली, कारण ती गोल झाली की पाणी सुटायचं सोडून बाजूला चिकटून वर चढतं. पुढच्या चाचणीत 24 नॉटला बोट गुमान चालली, पोत्यांशिवाय.

घाबरू नका, गणित महिनाभरात हाताशी येतं. कोचीचं कुसॅट (तिथलं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ) किंवा खरगपूरचं आयआयटी गाठता आलं तर उत्तमच. नाही जमलं तरी मेकॅनिकलवाल्याला वाट आहे. पट्टी मात्र दोन मीटरचीच घ्या. एक मीटरची मी आधी लावून पाहिली होती, तिच्यात हीच फट जेमतेम नखाएवढी दिसली आणि मी ती रंगाची जाडी समजून सोडून दिली होती.