डिफेनबंकर कसा पाहावा

कॅनडाची राजधानी ऑटावा येथून पश्चिमेला सुमारे 35 किलोमीटरवर कार्प नावाचे छोटे गाव आहे. तेथे अणुयुद्ध झाल्यास सरकार चालू राहावे म्हणून 1959 ते 1961 या काळात जमिनीखाली 4 मजली आश्रयस्थान बांधण्यात आले, तेच डिफेनबंकर. 1994 मध्ये लष्कराने ते बंद केले आणि 1998 पासून ते शीतयुद्धाचे संग्रहालय म्हणून खुले आहे.

स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने जाणे सर्वांत सोयीचे. वेळा आणि तिकिटे ऋतूनुसार बदलू शकतात, म्हणून निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील, तर चालणे बरेच होते हे त्यांना आधीच सांगावे आणि जिने टाळण्याची सोय कोणती आहे, हे फोन करून विचारावे. उन्हाळ्यातही अंगावर घ्यायला काहीतरी ठेवावे. जाड काँक्रीटच्या आत मोबाइलला सिग्नल मिळेल असे धरून चालू नये. चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ते बाहेरच ठरवून घ्यावे. किमान दोन तास हाताशी असावेत.

बाहेरून पत्र्याची एक साधी शेड तेवढी दिसते. तिच्यातून शंभर मीटरहून लांब भुयार सुरू होते, आणि बहुतेक लोक ते भराभर पार करतात, ते करू नये. बंकरचे पोलादी दार भुयाराच्या टोकाला नसून बाजूच्या भिंतीत, काटकोनात आहे. स्फोटाचा दाब दारावर थेट न आदळता भुयारातून सरळ निघून जावा, हा त्यामागचा हिशेब. सुमारे 1.8 किलोमीटर अंतरावर 5 मेगाटनांचा बॉम्ब पडला, तरी आतली माणसे वाचावीत अशा बेताने ही सारी रचना केली होती. दाराच्या आत, किरणोत्सारी धूळ अंगावरून धुऊन काढण्याचे शॉवर आहेत. तेथून पुढे प्रत्येक खोलीत एकच प्रश्न मनाशी धरावा, की येथे जागा कोणाला होती आणि कोणाला नव्हती.

जागा होती 535 जणांना, आणि शिधा 30 दिवसांचा. त्यांत मंत्री, अधिकारी, सैनिक आणि तंत्रज्ञ होते, कुटुंबीय नव्हते. ज्यांच्या नावावरून लोकांनी बंकरला हे टोपणनाव दिले, ते पंतप्रधान जॉन डिफेनबेकर पत्नीला प्रवेश नाही म्हटल्यावर आपणही येणार नाही म्हणाले, असे सांगितले जाते. पंतप्रधानांची खोली पाहताना हे आठवावे. तिचा साधेपणा पाहून थोडे आश्चर्यच वाटते.

मजल्यांचे क्रमांक उलटे वाटतात: सर्वांत वरचा 400, सर्वांत खालचा 100. वरून खाली जाणेच बरे. युद्धकाळातील मंत्रिमंडळाची बैठकीची खोली आणि राष्ट्राला संदेश देण्यासाठी केलेला आकाशवाणी कक्ष सावकाश पाहावेत. यंत्रसामग्रीची आवड नसेल तर तो भाग झटपट उरकला तरी चालेल, पण तळाशी असलेली कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेची तिजोरी चुकवू नये. देशाचे सोने येथे हलवायचे अशी योजना होती. माणसांना जागा तोलूनमापून दिली असताना सोन्यासाठी मात्र एवढी ऐसपैस खोली राखलेली पाहून सरकारी नियोजनाची प्राधान्ये नीट कळतात.

एक सावधगिरी: 1994 मध्ये बंकर रिकामा करण्यात आला होता, त्यामुळे आज दिसणारे सगळे सामान मूळचे नाही. एखादी वस्तू मूळची आहे की नंतर आणलेली, हे मार्गदर्शकाला अवश्य विचारावे. बंकरचा खरा उद्देश लष्कराने लपवून ठेवला होता; ते गुपित फुटले कसे, हेही त्याच्याकडूनच ऐकावे: 1961 मध्ये ‘टोरोंटो टेलिग्राम’च्या बातमीदाराला बांधकामाच्या जागी बसवायच्या राहिलेल्या 78 शौचकूपांचा ढीग दिसला, आणि लष्कर सांगत होते तसे हे साधे संदेशवहन केंद्र नाही, हे त्याने ताडले.

मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान जाणार असाल, तर शनिवार निवडावा; त्या दिवशी सकाळी कार्पमध्ये शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तो आधी उरकून मग बंकरकडे वळता येते.